गुपचूप जाऊ नका, पोरींनो

तीस वर्षं मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीचा फॉर्म भरून घेणं हे आमचं काम. फॉर्म इंग्रजीत, पाठपोट छापलेला. बाई पलंगावर बसलेली, दाराशी नवरा किंवा दीर उभा. मी बोट ठेवून सांगायचे, "इथं सही करा बाई." बाई नवऱ्याकडं बघायची, नवरा डॉक्टरांच्या केबिनकडं बघायचा, आणि सही होऊन जायची. लिहिता न येणारीचा अंगठा मीच धरून शाईच्या डबीवर टेकवलेला आहे. आपल्या अंगातलं काय निघणार आहे, का निघणार आहे, हे त्यातल्या किती जणींना कळलं होतं ते मी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर ही गोष्ट फार टोचते.

ते सगळं पुन्हा वर आलं माझ्या भाचीमुळं. परभणीची पोर, सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला. गेल्या दिवाळीत जेवणं झाल्यावर गच्चीवर आली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. कुठल्याशा क्लिनिकनं पाठवलेला खर्चाचा कागद होता.

"मावशी, आईला सांगू नको. छाती भरण्याचं ऑपरेशन आहे. शुक्रवारी ॲडमिट, शनिवारी सुट्टी. ऑफिसात ताप आला म्हणून कळवीन. सोमवारपर्यंत पैसे भरले तर सूट आहे म्हणाले."

खरं सांगते, आधी मला राग आला. मग ती बोलत राहिली आणि माझ्या लक्षात आलं, की पोरीची सगळी हुशारी लपवण्यात खर्च झाली होती. रजा कशी टाकायची, रूममेटला काय सांगायचं, हप्ते कुठल्या खात्यातून जातील, सगळं ठरलेलं. पण आत काय बसवणार, ते कुठल्या कंपनीचं, स्नायूच्या वर की खाली, दहा वर्षांनी त्याचं काय होतं, यातलं तिला काहीही ठाऊक नव्हतं. विचारायला माणूसच नव्हतं. ज्याला विचारलं त्यालाच विकायचं होतं.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. आपल्याकडच्या पोरींच्या बाबतीत या ऑपरेशनचा धोका लपवाछपवीमुळं वाढतो, आणि ती लपवाछपवी करायला त्यांना आपणच भाग पाडतो.

आपल्या घरांत छाती हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. गाठ लागली तरी बाई सहा-सहा महिने पदराखाली झाकून ठेवते. अशा बाया वॉर्डात मी पाहिल्या आहेत, जखम झाल्यावर आलेल्या. आणि त्याच घरात स्थळ बघायला आलेल्या बाया स्वयंपाकघरात कुजबुजतात, "पोरगी चांगली आहे, पण अंगानं भरीव नाही." शाळेत पोरं "सपाट" म्हणून चिडवतात. पोरगी हे वर्षानुवर्षं ऐकते. मग तिनं काही करायचं ठरवलं की तोंडाला पदर लावून हसणाऱ्याही त्याच बाया असतात. लहान असल्याची लाज आम्ही दिली, आणि ती दूर करायला निघाल्याचीही लाज आम्हीच दिली.

काही जण म्हणतील, आमच्याकडं प्यायला पाणी नाही, शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नाहीत, आणि तुम्ही हे नसते लाड काय घेऊन बसलात? मला हा प्रश्न पटत नाही. नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या हजारो मुली पुण्यात, हैदराबादेत कमावतात. पैसा त्यांचा, अंग त्यांचं. त्या जाणारच. रेल्वेत बसून रात्रीत हैदराबाद गाठता येतं. प्रश्न एवढाच आहे, की त्या कळून जाणार की न कळता.

न कळता झालेल्या ऑपरेशनांचं काय होतं ते मराठवाड्याला शिकवायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडं जावं तर तो कॅन्सरची भीती घालणार, आणि उचल फेडायची तर हातात कोयता हवा. प्रत्येकीच्या फाइलीत सही किंवा अंगठा असणारच. गरीब बाईच्या पिशवीची आणि पगारदार मुलीच्या छातीची तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. दोघींच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचं अंतर आहे, हे मान्य. तरी घाई करणारा दुसराच कुणी असतो, भीती किंवा लाज वापरली जाते, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं ते शरीर मात्र तिला एकटीला वागवावं लागतं, एवढं दोन्हीकडं सारखंच आहे.

छाती भरीव दिसावी म्हणून आत बसवतात त्या पिशवीची, म्हणजे इम्प्लांटची, सुरुवातच बघा. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसी नावाची सहा लेकरांची आई दवाखान्यात गेली होती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या डॉक्टरांनी सिलिकॉनची नवी पिशवी तयार केली होती, ती बसवून घेतेस का असं तिला विचारलं. तिला त्यापेक्षा आपले पुढं आलेले कान नीट करून हवे होते. तेही करून देऊ म्हणाले, आणि ती तयार झाली. सिलिकॉन इम्प्लांट बसवलेली जगातली पहिली बाई ही. ती ते मागायला आलीच नव्हती. ही हकीकत वाचली तेव्हा मला माझा वॉर्ड आठवला.

पुढची साठ वर्षंही आधी बसवायचं आणि मग कळायचं, अशीच गेली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, केवळ आकारासाठी सिलिकॉन वापरायला मनाई केली, १४ वर्षांनी, २००६ मध्ये, ती उठवली. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं स्वस्तात पडतं म्हणून औषधी दर्जाचं नसलेलं, कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरलं. २०१० मध्ये ते उघडकीला येईपर्यंत जगभरातल्या सुमारे तीन लाख बायांच्या अंगात ते गेलेलं होतं. कंपनीच्या मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीला खरबरीत पृष्ठभागाचे आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घ्यावे लागले, कारण इम्प्लांटभोवती शरीर जी पातळ खोळ तयार करतं, तिच्यात होणारा एक वेगळाच कॅन्सर त्यांच्याशी जोडला गेला होता. लिम्फोमाचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये होणाऱ्या कॅन्सरचा, प्रकार आहे तो. क्वचित होतो, पण होतो. नेहमीचा स्तनाचा कॅन्सर इम्प्लांटमुळं वाढतो असं मात्र आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही, हेही स्पष्ट सांगायला पाहिजे. उगीच भीती घालणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

आता लपवण्यानं धोका कसा वाढतो ते सांगते. हा लिम्फोमा ऑपरेशननंतर बरीच वर्षं गेल्यावर, साधारण सात ते दहा वर्षांनी, दिसतो. एका बाजूला अचानक सूज येते, पाणी साठतं. वेळेवर कळलं तर इम्प्लांट आणि भोवतीची खोळ पूर्ण काढून बहुतेक बाया बऱ्या होतात. आता कल्पना करा, पुण्यात गुपचूप ऑपरेशन करून घेतलेली मुलगी लग्न होऊन जिंतूरला किंवा अहमदपूरला नांदते आहे. आठव्या वर्षी सूज येते. सासू सोबत दवाखान्यात आलेली. डॉक्टर विचारतात, आधी काही ऑपरेशन? ती मान हलवून नाही म्हणते. डॉक्टर जंतुसंसर्ग समजून गोळ्या देतात. महिने निघून जातात. मॅमोग्राफीचंही तेच. इम्प्लांटमुळं मागची गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून इम्प्लांट मागं सारून वेगळ्या पद्धतीनं जास्तीचे फोटो घ्यावे लागतात. पण तंत्रज्ञाला ते आधी सांगायला हवं. न सांगणाऱ्या बाईचा रिपोर्ट स्वच्छ आला, तरी त्यावर पुरता विसंबता येत नाही.

भाचीला मी त्या रात्री सगळ्यात आधी हे सांगितलं, की एकदा बसवलं म्हणजे काम संपलं असं यात नसतं. इम्प्लांट जन्मभराचं नाही. आकारासाठी बसवलेल्यांपैकी पाचात एकीला आठ-दहा वर्षांत ते काढावं लागू शकतं, असं एफडीएच सांगते. सलाईनचं, म्हणजे मिठाचं पाणी भरलेलं इम्प्लांट फुटलं तर छाती बसते आणि लगेच कळतं. सिलिकॉनचं गुपचूप फुटतं. दुखत नाही, दिसत नाही. म्हणून सिलिकॉन बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी तपासणी असा एफडीएचा सल्ला आहे. त्या खर्चाच्या कागदावर यातली एकही रक्कम नव्हती. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया एरवीच्या आरोग्य विम्यात बसत नाही, म्हणजे पुढची तपासणी, पुढचं ऑपरेशन, काढण्याचा खर्च, सगळं पदरचंच. हप्ते फिटायच्या आत दुसरं ऑपरेशन दारात उभं राहू शकतं.

मग खोळ आवळण्याचा त्रास. बाहेरची वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती पापुद्रा धरतं. ते सगळ्यांतच होतं. काहींमध्ये तो पापुद्रा घट्ट आवळतो, छाती दगडासारखी होते, आकार बिघडतो, दुखते, पुन्हा कापावं लागतं. बोंडांची संवेदना कमी होते, कधी परत येते, कधी येत नाही. काही बायांना थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा असा त्रास होतो. त्याचं नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. इम्प्लांट काढल्यावर त्यातल्या काहींना बरं वाटतं. अशा बाईला "मनाचे खेळ आहेत" म्हणून घालवणारा डॉक्टर भेटला तर दुसरा गाठावा.

अंगावर पाजण्याचा प्रश्न आपल्याकडं मोठा. बऱ्याच जणी इम्प्लांट असूनही पाजतात. पण बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेनं काप घेतला तर दुधाच्या नळ्या आणि नसा दुखावण्याची शक्यता जास्त असते. छातीखालच्या घडीतून घेतला तर कमी. म्हणून काप कुठून घेणार हे आधी विचारायचं असतं. माझं स्वतःचं मत असं, की एक-दोन वर्षांत लग्न आणि लेकरू व्हायचं असेल तर थांबावं. गरोदरपणात आणि पाजताना छातीचा आकार आपोआप बदलतो, मग आधी बसवलेलं बेढब दिसायला लागतं. हे मत आहे, नियम नाही. आणि लग्नाच्या महिनाभर आधी तर मुळीच करू नये. सूज उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. हळदीच्या दिवशी टाके दुखत असलेली नवरी कुणाला हवी आहे?

भाचीनं आकार ठरवला होता मोबाइलवरच्या एका फोटोवरून. ती फोटोतली बाई उंच, रुंद खांद्यांची. ही आमच्या घराण्यातली बारीक चणीची. मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दोन पिशव्यांत तीनशे-तीनशे ग्रॅम तांदूळ भरून हातात दिले. तीनशे सीसीचं सिलिकॉन साधारण तेवढं भरतं. जितकं मोठं, तितकी कातडी ताणते, पातळ होते, पाठ-खांदे भरून येतात. छाती ओघळलेली असेल तर नुसत्या इम्प्लांटनं ती वर येत नाही, ते ऑपरेशन निराळं. पोटा-मांडीची चरबी काढून भरण्याचाही मार्ग आहे. त्यात बाहेरची वस्तू नाही, पण भरलेल्यातली थोडी चरबी जिरून जाते, गुठळ्याही राहू शकतात. आणि दोन्ही बाजू थोड्या लहान-मोठ्या असणं हा दोष नव्हे, बहुतेक बायांचं तसंच असतं.

आपल्या मुलखाच्या म्हणून काही गोष्टी आहेत, ज्या पुण्या-मुंबईचा डॉक्टर आपण होऊन विचारेलच असं नाही. मिश्री, तंबाखू. शहरातली सिगारेट असो की गावाकडची मिश्री, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, पिकते. निदान महिनाभर आधी सोडावी आणि घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगावं. रक्त कमी असणं आपल्याकडं घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन न बघता भूल घ्यायची नाही. आणि पाणी. ज्या मराठवाड्यातल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला "चार-सहा आठवडे जड उचलू नका" हे वाक्य सोपं नाही. टँकर आला की हंडा कोण उचलणार? घरी काही सांगितलेलंच नसेल तर हंडा तीच उचलणार. टाके उसवायला एक हंडा पुरतो.

विकणाऱ्यांबद्दल. छातीचा आकार वाढवण्याची तेलं, मलमं, गोळ्या यांच्या जाहिराती आजही मोबाइलवर येतात, बसस्टँडच्या भिंतीवर असतात. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानं स्त्रीच्या छातीच्या आकारासाठी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, सत्तर वर्षं झाली. एकाही मलमानं छाती वाढत नाही. ऑपरेशन करणाऱ्याच्या पाटीवर नुसतं "कॉस्मेटिक" लिहिलेलं पाहून भुलू नये. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का आणि वैद्यक परिषदेकडं नोंदणी आहे का, ते बघावं. भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग कुठं, हेही विचारावं. विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरकडं ऑपरेशन करूच नये. आणि "सोमवारपर्यंत सूट" म्हणणाऱ्याकडून तर उठून यावं. साडीच्या दुकानात सूट असते.

सहीबद्दल कायदा काय म्हणतो ते मला नोकरीत कुणी शिकवलं नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि अंडाशय काढलं होतं. न्यायालयानं सांगितलं, की रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल तर संमती तिचीच लागते. आईची चालत नाही. आणि उपचार काय, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, हे पुरेसं सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती ठरत नाही. म्हणजे नवऱ्याच्या सहीनं हे ऑपरेशन होऊ शकत नाही, आणि नवऱ्याच्या सहीवाचून अडूही नये. नवऱ्याच्या हट्टापायी आलेल्या बाईला डॉक्टरनं एकटीला आत बोलावून विचारावं, असं मला फार वाटतं.

सरकारकडं आणि डॉक्टरांच्या संघटनांकडं माझी मागणी साधी आहे. संमतीपत्र मराठीत हवं, परभणीच्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि आठवडाभर आधी घरी न्यायला मिळायला हवं. फ्रान्समध्ये सौंदर्य शस्त्रक्रियेचा खर्चाचा तपशील हातात पडल्यापासून निदान १५ दिवस ऑपरेशन करता येत नाही, तसा कायदाच आहे. आपल्याकडं का नको? प्रत्येकीला इम्प्लांटचं कार्ड मिळालं पाहिजे, त्यावर कंपनी, प्रकार, आकार, क्रमांक, तारीख. आणि त्याची सक्तीची राष्ट्रीय नोंद हवी. पीआयपी प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये २०१६ साली इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, कारण माल परत बोलवायची वेळ आली तर तो कुणाच्या अंगात आहे हे कळायला हवं. आपल्याकडं उपकरणांच्या त्रासाची तक्रार नोंदवायची मटेरिओव्हिजिलन्स नावाची योजना २०१५ पासून आहे. मी तीस वर्षं दवाखान्यात काढली, पण निवृत्त होईपर्यंत तिचं नाव ऐकलं नव्हतं. मग पेशंटला कुठून माहीत असणार?

भाचीनं त्या सोमवारी पैसे भरले नाहीत. ऑपरेशन करणार नाही असंही ती म्हणालेली नाही, आणि मी तसा आग्रह धरलेला नाही. मधल्या काळात दोन डॉक्टरांना भेटून आली. एकानं स्वतःच सोनोग्राफी करून यायला सांगितलं आणि कार्डाचा नमुना दाखवला. तिसऱ्या भेटीला मी सोबत जाणार आहे. ऑपरेशन झालंच तर ती दीड महिना माझ्याकडं राहील आणि पाणी मी भरीन, असं आमचं ठरलं आहे. आईला मात्र अजून कळलेलं नाही. पोळ्याला घरी जाईन तेव्हा सांगते म्हणते. तू शेजारी बस, मावशी, एवढंच तिचं मागणं आहे.